दोन लंबगोलांच्या चार भेटी

बाबा चिखलीत सुतारकाम करायचे. महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं होतं. मी नागपूरला एम.एस्सी. करत होते. सुट्टीत घरी आले की बाबा हमखास विचारत, आता काय शिकून राह्यली? त्या उन्हाळ्यात मी सांगितलं, बैजिक भूमिती. आकृतीचं समीकरण मांडायचं आणि त्या समीकरणाकडून आकृतीचा स्वभाव काढून घ्यायचा.

ते तेव्हा दोन खिळे आणि दोऱ्याने टेबलाचा लंबगोल आखत होते. मी म्हटलं, हाच घ्या. असे दोन वेगवेगळे लंबगोल एकमेकांवर कसेही ठेवा, कडा चारपेक्षा जास्त ठिकाणी भेटणार नाहीत.

"कोणी पाहून ठेवलं?"

"पाहावं लागत नाही, बाबा. दोन्ही समीकरणं एकत्र सोडवली की चाराहून जास्त उत्तरं निघतच नाहीत."

बाबांनी पुठ्ठ्याचे सात-आठ लंबगोल कापले. आठवडाभर जेवण झालं की तेच. आई म्हणायची, गिऱ्हाईक खोळंबलंय. एकदा त्यांना पाच भेटी सापडल्या, पण पेन्सिलीला टोक काढून कडा पुन्हा आखल्यावर त्यातली एक गेली.

"नाही निघत व माय," शेवटी ते म्हणाले. "होत नाही ते आधीच समजते, हा काय लहान उपयोग हाय?"

मग मी काटकोन जुळवायला ते वापरत ते तीन-चार-पाच हे आकडे घेतले. काटकोन देणारी पूर्ण आकड्यांची अशी सगळी त्रिकुटं एका वर्तुळावरच्या अपूर्णांकी बिंदूंतून मिळतात, संख्यांचे जुने प्रश्न असे आकृतीत नेऊन सोडवतात, हे सांगितलं. त्यांनी काटकोन तपासायचा गुण्या उचलला आणि उलटसुलट करून पाहिला.

त्याच महिन्यात देऊळगाव राजाहून मला पाहायला पाहुणे आले. मुलाच्या काकांनी विचारलं, इतकं शिकून पोरीला काय करायचंय? बाबांनी पुठ्ठे आणून पुढ्यात ठेवले आणि पाचवी भेट काढून दाखवा म्हणाले. काका हसले. मुलगा मात्र खाली वाकून पुठ्ठे फिरवत बसला. त्याचा चहा गार झाला.

निघताना तो माझ्याशी एकच वाक्य बोलला. "एकाऐवजी सरळ रेघ घेतली तर?"

"दोन," मी म्हटलं.

ते गेल्यावर आईने बाबांना विचारलं, कसा वाटला?

"प्रश्न इचारते," बाबा म्हणाले. "चांगला हाय."

एम.एस्सी. पुरी झाल्याशिवाय लग्न नाही, ही अट बाबांनी घातली. काका कुरकुरले, पण मुलगा थांबला. पुढच्या उन्हाळ्यात आमचं लग्न झालं.