मासे बघायचा कॅमेरा

आमच्या दादाला कुठलीही गोष्ट सरळ करता येत नाही. खाटेवर पडलेल्या आईला थोडा वेळ हॉलमध्ये आणून बसवायचं, एवढाच प्रश्न होता. त्यावर त्याने पाण्याखाली चालणारा कॅमेरा शोधायला घेतला.

तेव्हा गुरुग्रामला गुडगावच म्हणत आणि तिथवर मेट्रो पोचली नव्हती. दादा पुण्याहून मोठ्या कंपनीत आला आणि त्याने एका टॉवरमध्ये फ्लॅट घेतला. टॉवरचं नाव इटलीतल्या गावासारखं, पाणी मात्र टँकरचं. मी गाझियाबादला शाळेत शिकवायची आणि रविवारी बस बदलत आईला न्हाऊ घालायला जायची. खुब्याचं हाड मोडल्यापासून तिला उठता येत नव्हतं. माझ्याकडे चल म्हटलं की म्हणायची, "मुलगा असताना लेकीच्या दारात पडून राहिले तर लोक त्याला नावं ठेवतील." ठेवायलाच हवी होती. त्याने तिला स्वयंपाकघरामागच्या खोलीत ठेवलं होतं. बिल्डरच्या नकाशात ती मोलकरणीची खोली होती. आई तिथे गेल्यापासून घरात त्या खोलीला 'स्टडी' म्हणू लागले.

हॉलमध्ये माशांची भलीमोठी टाकी होती. एका वास्तुवाल्याने ईशान्येला पाणी आणि पाण्यात चंदेरी मासा सांगितला होता, म्हणजे प्रमोशन होतं. आमच्या वडिलांनी शनिवार-अमावास्या कधी पाळली नाही. त्यांचा इंजिनियर मुलगा माशाच्या भरवशावर बसला होता.

आई एकदा म्हणाली, "मलाही बाहेर बसव रे थोडा वेळ. मासे बघीन." त्यातले मासे तेवढे दादाने ऐकले. वहिनी म्हणाली, "बाहेर बिल्कुल नको हं आई, एसीचा गारवा लागेल." खरी अडचण होती ती चाकाच्या खुर्चीला लोंबणाऱ्या लघवीच्या पिशवीची. ऑफिसची माणसं येत असत. टाकी आत न्यावी तर ईशान्य बिघडत होती, आई बाहेर आणावी तर हॉल बिघडत होता. मग हा द्राविडी प्राणायाम सुरू झाला: टाकीत कॅमेरा सोडायचा आणि त्याची वायर आईच्या खोलीतल्या टीव्हीला जोडायची.

पहिला कॅमेरा कॉम्प्युटरचा होता. दादाने तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून रबरबँडने बांधला. पाच मिनिटांत पिशवीत वाफ धरली, मग पाणी शिरलं आणि कॅमेरा मेला. दुसरा ऑफिसातल्या कुणीतरी अमेरिकेहून आणला. तिथे म्हणे गोठलेल्या तळ्याला भोक पाडून तो खाली सोडतात. नाकापेक्षा मोती जड अशी त्याची तऱ्हा. त्याचे दिवे लागले की सगळे मासे प्लास्टिकच्या किल्ल्यामागे दडी मारत. आईला दिवसभर किल्ला दिसला. जेवताना दादा मला लेन्सचा कोन, अंधारातलं चित्र, वायरची लांबी समजावून सांगत होता. मी विचारलं, "खुर्ची हॉलपर्यंत ढकलायला किती वेळ लागतो रे?" तो म्हणाला, "तू यार प्रत्येक गोष्टीत निगेटिव्ह असतेस."

शेवटी करोल बागेत, गाड्यांचं सामान विकणाऱ्या गल्लीत, त्याला हवा तो सापडला. गाडी मागे घेताना लावतात तो, अंगठ्याएवढा. दुकानदार म्हणाला, "पानी में छोड़ दो साहब, कुछ नहीं होगा." आणि खरंच झालं नाही. दादाने तो टाकीच्या मागच्या काचेला आतून चिकटवला. टीव्हीवर डावं-उजवं उलटं दिसे आणि पार्किंगच्या लाल-पिवळ्या रेघांमधून तो भाग्यवान मासा फिरे. दादाचा चेहरा असा, जणू याने समुद्रच आईच्या उशाशी आणला.

आई मात्र खरंच रमली. उशीला टेकून तासन् तास बघायची. दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटला, "आईला फिशेसचं वेड लागलंय."

एका रविवारी मी तिची वेणी घालत होते. बाहेर पाहुणे आले आणि टाकीतली गंमत बघायला काचेशी वाकले. टीव्हीवर एकदम मोठमोठे चेहरे आले. आईने लगबगीने पदर सारखा केला आणि म्हणाली, "या, बसा." तेव्हा माझ्या लक्षात आलं. कॅमेरा गाडीमागचा रस्ता दाखवायला केलेला, त्याची नजर रुंद. माशांच्या पलीकडे, पुढच्या काचेतून, अख्खा हॉल दिसत होता: सोफा, दार, चहाचे कप. मी वेणी पुरी केली. दादाला सांगून काय त्याची अक्कल वाढणार होती?

पण थोड्या दिवसांनी तो एका साहेबाला कौतुकाने आत घेऊन आला. नेमकी मीही तिथेच होते. साहेब टीव्हीकडे बघून हसला. "अरे, ये तो सीसीटीव्ही है! माताजी सब पर नज़र रखती हैं." पडद्यावर वहिनी सोफ्यावर पाय घेऊन समोसा खात होती. दादाचे कान लाल झाले. साहेब गेल्यावर त्याने बाह्या सरसावल्या. "आई, कॅमेरा पुढच्या काचेला लावून भिंतीकडे फिरवतो. नुसते मासे दिसतील, एकदम क्लियर."

"नको रे," आई म्हणाली.

"अगं, मधे माणसं येतात त्यात."

"मासे नाही दिसले तरी चालतील." तिने त्याचा हात धरला. "तू संध्याकाळी येतोस, सोफ्यावर बसून बूट काढतोस. तेवढंच दिसतोस मला. तेवढं राहू दे."

मला संताप आला आणि रडूही आलं. तो तिच्यापाशी बसेल, मान खाली घालेल, काहीतरी बोलेल, असं मला वाटलं होतं. त्याने हात सोडवून घेतला आणि म्हणाला, "बरं, राहू दे तर."

कॅमेरा त्याने फिरवला नाही, एवढं खरं. पुढच्या आठवड्यापासून तो बूट लिफ्टपाशी, दाराबाहेरच काढायला लागला.