स्पेनच्या गप्पा आणि ताटात वाळलेले हात

मैत्रिणींनो, डोकं तापलंय म्हणून आत्ताच लिहून टाकते.

माझा धाकटा दीर दोन वर्षांनी स्पेनहून नायगावला आलाय. त्याच्यासाठी आज दुपारी मटण केलं होतं. आमच्या रीतीप्रमाणे आधी पुरुषांची पंगत बसली.

दोनला त्यांचं जेवण उरकलं, पण एकही जण उठेना. भाऊजी रंगात येऊन सांगत होते, "तिथं जेवल्यावर कुणी लगेच उठत न्हाई. दोन-दोन तास निवांत गप्पा मारतात. जिंदगी जगावी तर तशी!"

"लई भारी हाय की!" म्हणत सासरे भिंतीला टेकले. हात ताटातच वाळले, वाटीतला तवंग गोठला, हाडकांवर माश्या बसल्या, तरी गप्पा चालूच. शिसारी आली मला.

आत सासूबाई, जाऊबाई आणि मी उपाशी. सासूबाईंना शुगर आहे. त्यांचे हात थरथरायला लागले, तेव्हा त्यांनी गुळाचा खडा तोंडात टाकला आणि मलाच गप्प राहायची खूण केली.

मला राहवलं नाही. बाहेर जाऊन विचारलं, "भाऊजी, तिथल्या बाया कधी जेवतात हो?"

"सोबतच की, वहिनी. एकाच टेबलावर."

मग सासरे म्हणाले, "बरं, जरा सुपारी आणा."

आम्ही सव्वाचारला जेवलो.

तुमच्या घरी आज बाया किती वाजता जेवल्या? खरं सांगा. मीही खरं सांगते, सुपारी मीच नेऊन दिली.