साडीवरच्या चिठ्ठ्या आणि फोल्डरआक्का

फोल्डरआक्का चिडली की तिचा आवाज खाली जायचा. माझा चढतो. मी पत्रकं लिहिणारा माणूस, उद्गारचिन्हाशिवाय मला घास उतरत नाही. आक्का मात्र जितकी रागावेल तितकी हळू बोलायची. ऐकायला समोरच्याला पुढं वाकावं लागायचं, आणि वाकला की तो निम्मा हरलेला असायचा.

ती निपाणीची. आई बिड्या वळायची, आणि ही विहाराच्या ओसरीवर अभ्यास करून इंजिनिअर झाली. एकदा चहा पिताना म्हणाली, "मुकादम आईच्या सुपातल्या बिड्या बाद करून बाजूला काढायचा. का काढल्या, ते सांगायचा न्हाय. आणि आई इचारायची न्हाय. मी बारकी होते, पण बघत होते." एवढंच बोलली आणि कप विसळायला उठली. तिच्याविषयी आणखी काही समजून घ्यायचं असेल तर ते यातच आहे.

आमच्या वडगावच्या विणकर सोसायटीनं तिला कामावर घेतलं ते चिठ्ठ्यांसाठी. मागावरच्या साड्या व्यापाऱ्याला दिल्या की पोचचिठ्ठी मिळते. ती सोसायटीत दाखवली तरच पुढचं सूत. त्यासाठी बायका माग बंद ठेवून ऑफिसच्या पायऱ्यांवर दिवस काढायच्या. आता चिठ्ठीचा फोटो फोनवरून पाठवायचा. तो सोसायटीच्या फोल्डरात पडला की संगणक आपणहून उचलणार, नाव, तारीख, नग वाचणार आणि नोंद करणार. आक्का दिवसभर "फोल्डरात टाका, फोल्डरात टाका" म्हणत घरोघर हिंडली आणि नाव पडलं.

आणि पहिल्याच महिन्यात ढीगभर चिठ्ठ्या माघारी आल्या. संगणक म्हणे, वाचता येत नाही. का? तर आमच्या बायका चिठ्ठी घरात नुकत्याच उतरलेल्या पुढच्या साडीवर ठेवून फोटो काढत होत्या. साडी मागावरून उतरली की तिला हळदकुंकू लावतात, तेच बोट चिठ्ठीलाही लागतं. खाली चौकड्याची साडी, वर कुंकू. मशीन साडीच्या चौकड्यांना तक्त्याचे रकाने समजत होतं आणि कुंकवाखालचा आकडा त्याला दिसत नव्हता. ज्या शहरी कंपनीनं हे मशीन विकलं, तिचा माणूस फोनवर म्हणाला, लोकांना पांढऱ्या कागदावर ठेवायला शिकवा. चेअरमननी त्याच्याही पुढं जाऊन फर्मान काढलं: चिठ्ठी माघारी आली की सूत बंद.

तुळसामावशीचं सूत बंद झालं. एकटी बाई, एकच माग, तोही थांबलेला. मी तिच्या दारातच पत्रक लिहिलं आणि तावातावानं आक्काला वाचून दाखवलं. तिनं शांतपणे ऐकलं.

"शिव्या झकास हैत," म्हणाली. "मागणी कुठं हाय रं?"

मागणी नव्हतीच! आक्कानं मला तिची पिशवी धरायला दिली आणि घरोघर नेलं. तुळसामावशीनं तिलाही सोडलं नाही. "साडीवर ठेवू नको तर कशावर ठेवू? भुईवर? लक्ष्मी हाय ती. तुझ्या मशीनला एवढं बी कळंना व्हय?"

"कळंना, मावशी. शिकवूया त्याला. तू साडीवरच ठेव."

मग गल्लीतल्या बायकांनी चौकड्याच्या, काठाच्या, बुट्ट्यांच्या, जेवढ्या साड्या होत्या तेवढ्यांवर चिठ्ठ्या ठेवून फोटो काढून दिले. आक्का ते फोटो मशीनपुढं ठेवत राहिली आणि रेघ कुठली, साडी कुठली ते दाखवत राहिली. "गिऱ्हाइकानं दुकानाच्या मापाचं व्हायचं नसतं," असं ती म्हणायची.

तरी काही चिठ्ठ्या अडायच्याच, आणि त्या सुटत नाहीत तोवर मावशीचा माग बंद. शेवटी कमिटीच्या बैठकीत गेलो. चेअरमन म्हणाले, "मशीननं न्हाय म्हटलं. आता मी काय करू, बाई?"

आक्काचा आवाज खाली गेला. सगळे पुढं वाकले.

"आण्णा, मशीन न्हाय म्हणत न्हाय. मला वाचता येईना, एवढंच म्हणतंय. न्हाय तुमी म्हणताय. खुशाल म्हणा. फक्त कारण लिवा आणि खाली सही करा."

तिनं पेन पुढं केलं. चेअरमननी सेक्रेटरीकडं पाहिलं, सेक्रेटरीनं पंख्याकडं. पेन कुणीच उचललं नाही. त्या बैठकीत ठरलं: मशीनला जे वाचता येणार नाही ते माणूस वाचेल, फोन करून विचारेल, आणि तोवर सूत थांबणार नाही. तुळसामावशीचा माग दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू झाला. मी मुद्दाम त्या बोळातून गेलो, आवाज ऐकायला.

आक्का आता खानापूरकडं आहे, भात पिकवणाऱ्यांच्या सोसायटीत. जाताना स्टँडवर मी म्हटलं, तू गेल्यावर हे कमिटीवाले परत जुन्या वळणावर जातील. "जाऊ दे की," ती हसली, "तू काय मेलायस व्हय?" आणि लोंढ्याच्या गाडीत चढली.

न वाचलेल्या चिठ्ठ्यांच्या टेबलावर आता गल्लीतलीच एक मुलगी बसते, विणकराच्या घरातली, मराठी-कन्नड दोन्ही वाचणारी. परवा मी काही कामानं गेलो तेव्हा ती स्क्रीनवरचा फोटो मोठा करून बघत फोनवर बोलत होती, "काकू, चिठ्ठी पोचली हं. काठ लई देखणा उतरलाय. त्येवढा कुंकवाखालचा आकडा सांगता का?"