सगळ्यांचा राजीनामा

आधी चहा संपवा, नाहीतर हसताना ठसका लागेल. आता काय सांगू तुम्हाला, एवढी फजिती माझ्या शत्रूचीही होऊ नये!

यांची बदली झाशीला झाली आणि वर्षभरात मी इथल्या मराठी मंडळाची चिटणीस झाले. का? तर माझं मराठी म्हणे 'एकदम शुद्ध'! हिंदी मात्र भाजीवाल्यापुरतं.

वावटळीत मंडळाच्या हॉलचे पत्रे उडाले होते. गणपतीच्या आत पक्कं छत व्हायलाच हवं होतं, नाहीतर बाप्पा बसणार कुठे? ठेकेदार तयार होता. अडलं एकाच गोष्टीवर. सामानासकट सगळा ठेका त्याला द्यायचा, की सामान आपण आणायचं आणि त्याला फक्त मजुरी द्यायची? इथल्या भाषेत, 'विद मटेरियल' की 'लेबर रेट'?

पाच जणांची कमिटी, लिहायला मी. आणि सभा किती? सहा!

"सगळं त्याच्यावर सोडलं तर सिमेंट कमी घालेल," अध्यक्ष अण्णाकाका म्हणायचे. पिढीजात झाशीकर माणूस.

"और आपण आणलं तर? वाळूचा भाव बढ़ गया तो?" बाकीचे ओरडायचे.

पुन्हा चहा, पुन्हा समोसे.

सातव्या सभेत कसंबसं 'विद मटेरियल' ठरलं. ठेकेदार रामसेवकजी म्हणजे अशा कमिट्यांच्या भांडणात पोळलेला माणूस. मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाभीजी, पहले सबका राजीनामा ले लीजिए। तब काम शुरू करें।"

मला ते इतकं पटलं म्हणून सांगू! खरंच, ही कमिटी असेपर्यंत स्लॅब काही पडायचा नाही. रात्रीत कागद लिहिला आणि सकाळी घरोघर निघाले.

"अण्णाकाका, ठेकेदाराला तुमचा राजीनामा हवाय."

"अगं, मग आण की इकडे! यात विचारायचं काय?" त्यांनी न वाचताच सही ठोकली. "तुझ्या मराठीत हम क्या गलती निकालेंगे?"

पाचही जणांनी हसत सह्या केल्या. एका काकूंनी तर वर लाडू दिला. खुर्ची इतक्या आनंदाने सोडणारी माणसं मी जन्मात पाहिली नव्हती. डोळे भरून आले हो माझे!

रविवारी सगळ्या सभासदांसमोर, रामसेवकजींनाही बोलावून, मी खणखणीत आवाजात वाचलं, "आम्ही पाचही जण आपापली पदं स्वखुशीने सोडत आहोत."

"कोण सोडतंय?" अण्णाकाका ताडकन उठले.

"तुम्हीच! ही काय सही."

"अगं, राजीनामा म्हणजे सहमती ना?"

"राजीनामा म्हणजे पद सोडणं!"

रामसेवकजींनी कपाळाला हात लावला. "वो तो इस्तीफ़ा हुआ, भाभीजी! हमने तो सबकी रज़ामंदी माँगी थी।"

झालं! कमिटी गेली, तिच्याबरोबर तिचा ठरावही गेला, उरले मी एकटी. रामसेवकजी म्हणाले, "तो अब आप ही फैसला कीजिए। विद मटेरियल, कि लेबर रेट?"

सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. सिमेंट कमी घातलं तर? वाळू महागली तर?

"आपण... एक सभा घेऊया का?"

हॉलमध्ये असा हशा पिकला! अण्णाकाका डोळे पुसत म्हणाले, "आम्ही परत येतो, काम उद्याच सुरू करतो. पण आधी तू राजीनामा दे."

"हिंदीतला की मराठीतला?" मी चाचरत विचारलं.

"तुझ्या शुद्ध मराठीतला!"