ॲप बंद, तोंड चालू

माझ्या मावशीला सगळे भोंगा म्हणतात. हे नाव स्कूटरच्या हॉर्नवरून पडलं असं ती सांगते. साफ खोटं. नाव पडलं ते तिच्या आवाजावरून. तिसऱ्या मजल्यावरच्या गिऱ्हाइकाला ती फोन करत नाही, खालूनच हाक मारते आणि अख्खी इमारत खिडकीत येते. काका गेल्यावर तिने हप्त्यावर स्कूटर घेतली, पाठीला चौकोनी पिशवी अडकवली आणि ॲपवरून लोकांची जेवणं पोचवायला लागली. कंपनी तिला कामगार म्हणत नाही, 'भागीदार' म्हणते. "कशाची भागीदार? नफ्यात नाही, नुसती पंक्चरमध्ये," असं मावशी येईल त्याला ऐकवते.

मग साथ आली. लोक दारं लावून घरात बसले आणि त्यांची पोटं भरायला मावशीसारखे रस्त्यावर राहिले. एका दुपारी जिना चढताना तिला धाप लागली, अंग तापलं. हातात एका म्हाताऱ्या बाईंचं जेवण होतं. ते दाराशी ठेवून ती खाली आली, रस्त्यावरून हाक मारली आणि तिथेच उभ्या उभ्या ॲप बंद केलं. तिचे कितीतरी सोबती खोकत खोकत ॲप चालू ठेवत होते, कारण एकदा बंद केलं की पुढे कामं मिळेनाशी होतात. मी त्यांना नावं ठेवत नाही, पोट सगळ्यांनाच असतं. पण मावशी म्हणाली, "माझा ताप मी कुणाच्या दारात नेणार नाही." माझ्या शिवणकामाच्या खोलीत तिने अंथरूण टाकलं. मी दाराबाहेर ताट ठेवायचे आणि ती आतून माझ्या भाजीला नावं ठेवायची. आवाज चढला त्या दिवशी मला कळलं की आता ही जगते.

ती उठेपर्यंत नवा कायदा झाला होता. ॲपवर काम करणारा माणूस साथीत आजारी पडला, तर घरी असेपर्यंतची भरपाई कंपनीने द्यायची. आम्ही हरखून गेलो. स्कूटरचे हप्ते थकले होते, महिनाअखेर गाडी उचलून नेऊ असं वसुलीवाला बजावून गेला होता, आणि गाडी गेली की कामही गेलं. पण त्या कायद्यात दोन शब्द होते, 'कामावर असताना'. कंपनीने तेच धरले. आजारपणात तुमचं ॲप बंद होतं, म्हणजे तुम्ही कामावर नव्हता. ज्यांनी ताप दारोदार फिरवला त्यांना भरपाई आणि जिने तो खोलीत कोंडला तिला ठेंगा! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मावशीने तक्रार ठोकली.

सुनावणीला मी सोबत गेले. कामगार कार्यालयातली पहिल्या मजल्यावरची खोली, टेबलामागे अधिकारीबाई, बाजूला कंपनीचा तरुण, गुळगुळीत बोलणारा वकील. खाली आवारात मावशीचे सोबती पाठीच्या पिशव्यांसकट ताटकळत होते, एक वार्ताहरही आला होता. अधिकारीबाई मनाने चांगल्या. वकील फोनवर बोलायला बाहेर गेला तशा त्या हळूच म्हणाल्या, "मावशी, फोन बिघडल्यामुळे ॲप बंद पडलं असं सांगा ना. मग मला काहीतरी करता येईल."

मी मावशीला चिमटा काढला. हो म्हण, बाई, हो म्हण.

"फोन ठणठणीत होता," मावशी म्हणाली. "बिघडले मी होते."

"अहो, पण त्याने तुमचं काम होईल."

"माझं होईल. खाली उभे आहेत त्यातल्या निम्म्यांनी माझ्यासारखंच बंद केलं होतं. सगळ्यांचे फोन एकदमच बिघडले म्हणू?"

माझ्या डोळ्यांपुढून स्कूटर निघून गेली. तेवढ्यात वकील आत आला आणि हसून म्हणाला, "ॲप बंद असताना त्यांचा कंपनीशी काहीच संबंध नसतो. विषय मिटला."

मावशी ताडकन उठली. "मग मी खाली जाऊन त्या वार्ताहराला सगळं सांगते."

"तसं करता येणार नाही. भागीदाराने कंपनीविरुद्ध बाहेर बोलायचं नाही, असा नियम आहे. खातं कायमचं बंद होईल."

मावशीने फोन काढला, ॲप बंद केलं आणि फोन त्याच्यापुढे आपटला. "घ्या! झालं बंद. आता तुमचा माझा संबंध नाही. आता मी बोलणार."

"ॲप बंद असलं म्हणून काय झालं?" वकिलाचा तोल गेला. "नियम नेहमीच लागू असतात!"

अधिकारीबाईंनी पेन उचललं. "नेहमीच?"

मावशीने त्याला डाव टाकून पकडलं असं लोक आता रंगवून सांगतात. मी तिच्या शेजारी होते. डाव कसला, ती नुसती भडकली होती.

"मला तसं म्हणायचं नव्हतं," वकील पुटपुटला.

"पण म्हणालात," अधिकारीबाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "ॲप बंद असतानाही त्या तुमच्या नियमात, मग ॲप बंद असताना आजारी पडल्या तरी तुमच्याच. भरपाई द्यावी लागेल. बसा, मावशी."

मावशी बसली नाही. तिने खिडकी उघडली, आवारात वाकून पाहिलं आणि भोंगा वाजवला.

"ताप आल्यावर ज्यांनी ज्यांनी ॲप बंद केलं, ते सगळे वर या!"

जिन्यात पावलं वाजायला लागली. अधिकारीबाईंनी शिपायाला आणखी खुर्च्या आणायला सांगितल्या.