लाल ठिपक्यांच्या फुलपाखरामागे

अमेरिकेतल्या आमच्या शुगर लँड गावात चढ म्हणून काही नसतोच. असलाच तर फ्लायओव्हरचा. त्यामुळे कोलोरॅडोचा डोंगर चढायचं ठरल्यावर शिरीष आणि मी महिनाभर पार्किंग गराजच्या रॅम्पवरून वर-खाली चालत होतो. लोक गाडीची काच खाली करून विचारायचे, "गाडी सापडत नाहीये का?" शिरीष हसायचा. मला काही हसू यायचं नाही.

सांगूनच टाकते, मी काळजी करणारी बाई आहे. शिरीष माझा नवरा, वय अडुसष्ट, डायबेटिसची गोळी चालू, आणि रिटायर झाल्यापासून फुलपाखरांच्या नादी लागलेला. त्याला अपोलो नावाचं फुलपाखरू बघायचं होतं. पांढुरके पंख, त्यांवर लाल ठिपके, आणि राहणार कुठे, तर उंच डोंगरावर. "पुढच्या समरला गुडघे काय म्हणतील कोण जाणे," असं म्हणून त्याने तिकिटं बुक केली. मी अस्वलं, विजा आणि उंचीवरचा त्रास या तिन्हींबद्दल मिळेल ते वाचून काढलं आणि झोप घालवून घेतली.

डोंगरातल्या एका छोट्या गावात आम्ही दोन दिवस नुसते बसून काढले. तिथल्या विरळ हवेची सवय व्हावी म्हणून मी शिरीषला तासातासाला पाणी पाजत होते. तिसऱ्या दिवशी पहाटे मोटेलच्या खोलीत त्याच्यापुढे घरून आणलेले पराठे ठेवले. आंघोळ करून आले तर प्लेट रिकामी.

"खाल्लंस ना?"

"हो गं बाई."

गोळी त्याने माझ्यासमोर घेतली. माझं समाधान झालं.

सातला आम्ही ट्रेलहेडला (पायवाट सुरू होते त्या जागेला) पोचलो. तिथल्या रेंजर मुलीने बजावलं, "बारा वाजता जिथे असाल तिथून मागे फिरा. दुपारी वर विजा पडतात." मी तिला हेच दोनदा विचारून घेतलं. शिरीष म्हणाला, "आता लिहून घे तिच्याकडून!"

पहिले दोन तास फर वृक्षांच्या जंगलातून गेलो. मी मोठमोठ्याने बोलत होते, अस्वलाला आमची चाहूल लागावी म्हणून. मग ट्री लाइन (जिच्यापुढे झाडं उगवतच नाहीत ती हद्द) ओलांडली आणि समोर कुरणच उघडलं. निळीपांढरी कोलंबाइनची फुलं, पेंटब्रश नावाची लालभडक फुलं, पिवळ्या फुलांचे तर गालिचे. ओढ्याकाठच्या चिखलात गुलाबी तुरे उभे होते. वाकून बघितलं तर प्रत्येक इवल्या फुलाला दोन कान आणि वर उचललेली सोंड! शिरीषने चक्क हात जोडले.

"बघ, नेमकं आज दर्शन."

"दर्शन झालं असेल तर चल, ढग बघ तिकडे," मी म्हटलं.

अकराच्या सुमाराला ते अपोलो दिसलं. दगडांमधल्या पिवळ्या फुलांवर अगदी निवांत बसलं होतं. शिरीष पोटावर पालथा पडला आणि फोटो काढत राहिला. इतका खूश मी त्याला बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. मीसुद्धा पाचेक मिनिटं काळजी विसरले.

तो उठला आणि डुलायलाच लागला. कॅमेरा हातातून सुटला. गार वाऱ्यात त्याच्या कपाळावर घामाच्या धारा.

"काय होतंय रे?"

"आपण गाडी कितव्या मजल्यावर लावलीय?" त्याने विचारलं.

उंचीचा त्रास, हार्ट अटॅक, डोक्यात रक्तस्राव, सगळं एकदम मनात आलं. फोनला रेंज नव्हती. मी नुसतीच "शिरीष, शिरीष" करत राहिले.

जवळच फुलांची चित्रं काढत बसलेली एक अमेरिकन आजी धावत आली. "डायबेटिस आहे का? माझ्या नवऱ्याचं असंच व्हायचं. आधी साखर दे." तिने गमी बेअर्सची (अस्वलाच्या आकाराच्या मऊ, रंगीत गोड गोळ्यांची) पिशवी माझ्या हातात कोंबली. मी दोन गोळ्या त्याच्या ओठांशी नेल्या. त्याने दात घट्ट मिटले.

"नको. संकष्टी आहे. चंद्र उगवू दे."

अरे देवा! सकाळी डायबेटिसची गोळी घेतली, चार तास डोंगर चढला, आणि पोटात अन्नाचा कण नाही. त्यात त्या गोड गोळ्यांमध्ये जनावरांच्या हाडांचं जेलेटिन. चाळीस वर्षं दुकानादुकानांत पाकिटं उलटी करून वाचलीत मी, हा जन्माचा शाकाहारी म्हणून. "गाढवा, तोंड उघड!" मी किंचाळले आणि एकेक गोळी आत ढकलली. वर आजीच्या बाटलीतलं सरबत पाजलं.

पंधरा मिनिटांनी त्याने मला नावाने हाक मारली. तोवर डोक्यावर गडगडायला लागलं होतं. एका बाजूने आजी, दुसऱ्या बाजूने मी, असं त्याला धरून उतरलो. कुरणाच्या शेवटच्या उतारावर गारा सुरू झाल्या. झाडांत शिरलो तेव्हा मागे कुरणावर वीज पडली. मी मागे वळून बघितलंच नाही.

गाडीत बसल्यावर त्याने खिशातून नॅपकिनमध्ये गुंडाळलेले सकाळचे पराठे काढले आणि मुकाट्याने खाल्ले. मी वाटेल ते बोलले. "कधीपासून चाललंय हे?"

"दोन वर्षं. तुझी बायॉप्सी झाली तेव्हा बोललो होतो देवाला. रिपोर्ट चांगला आला. तू चिडशील म्हणून सांगितलं नाही."

दर महिन्यात एकदा हा 'मित्रांबरोबर लंच आहे' म्हणून बाहेर जायचा, ते हे. काच पुसायचं निमित्त करून मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

घरी येऊन चार आठवडे झाले, आणि पुन्हा संकष्टी आली. सकाळी मी त्याच्यापुढे पोहे ठेवले. "खा. आजपासून उपास माझा," म्हटलं आणि त्याचा शेवटचा घास होईपर्यंत समोर बसून राहिले. मी आयुष्यात कधी उपास केलेला नाही, देवासमोर बसणं तर दूरच. विश्वास बसला का विचाराल, तर नाही बसला. दुपारी भूक अनावर झाली तेव्हा दोनदा फ्रिज उघडला आणि दोनदा बंद केला. मी खाल्लं आणि ह्याला काही झालं, तर?