ढोके मॅडमचं लिंबू

कोणी अभ्यास केला नाही तर ढोके मॅडम रागावत नसत. चष्मा कपाळावर चढवून एवढंच विचारत, "काऊन?" म्हणजे का, आणि उत्तर मिळेपर्यंत थांबत. त्यांचं ते थांबणं फार जीवघेणं होतं.

सावंगीला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षी त्या आम्हाला औषधशास्त्र शिकवत. मी त्यात एकदा नापास झाले होते. पुन्हा झालीस तर घरी बसायचं, असं बाबांनी बजावलं होतं. मॅडम रोज संध्याकाळी धडा मोबाइलवर बोलून वर्गाच्या ग्रुपवर टाकत. पहिले पंधरा दिवस आम्ही अगदी भक्तिभावाने ऐकलं. मग अंगची हुशारी वर आली. आवाज बंद करून रेकॉर्डिंग सोडून द्यायचं. ऐकलेल्यांच्या यादीत नाव चढलं की मॅडमना वाटणार, पोरीने ऐकलं. माझं नाव सगळ्यांत आधी चढायचं!

एका सकाळी मॅडमनी टेबलावर रिकामं ताट ठेवलं आणि म्हणाल्या, "आणा लिंबू." आम्ही एकमेकींची तोंडं बघत बसलो. आदल्या दिवशीच्या रेकॉर्डिंगच्या मध्येच त्यांनी सांगितलं होतं की, ऐकणाऱ्याने उद्या एक लिंबू आणावं. ताटात एकच लिंबू पडलं, नालवाडीच्या सुषमाचं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅडम नेमक्या माझ्यापाशी आल्या. "काऊन?"

रडत रडत मी खरं ते सांगून टाकलं. घरी जाताना नाचणगावच्या बसच्या खडखडाटात काही ऐकू येत नाही, रेकॉर्डिंगची वीस मिनिटं संपता संपत नाहीत, आणि एकदा मागे पडलं की पुढचं ऐकायचीच भीती वाटते.

"मंग हे मले आधी काऊन नाई सांगतलं? मी काय भिंतीसंग बोलून राह्यली होती?"

त्या दिवसापासून रेकॉर्डिंग चार मिनिटांचं झालं. शिवाय रोज एकीने तोच धडा ग्रुपवर आपल्या घरच्या बोलीत सांगायचा. माझ्या वाट्याला इन्सुलिन आलं. आईला शुगर आहे, म्हणून तिलाच समोर बसवून सांगितलं. तिला कळलं तेव्हा मलाही कळलं. त्या वर्षी मी पास झाले.

मागच्या वर्षी मॅडम गेल्या. आता मी शिकवते, ग्रुपही चालवते. परवा मीसुद्धा लिंबू मागितलं. भरल्या वर्गात चार लिंबं! डोकं असं तापलं की काय काय बोलणार होते कोण जाणे. पण शेवटच्या बाकावर एक मुलगी मान खाली घालून ओढणीचं टोक पिळत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले, "काऊन?" म्हटलं, आणि थांबले.